२^३१ − १ मूळ आहे हे कागदावर कसं दाखवायचं? (गणित दिन, नववीचा वर्ग)

दाभोळखाडी

२२ डिसेंबरच्या गणित दिनाला गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या चाळीस मुलांकडून २१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे हे हातानं तपासून घ्यायचं घाटतंय. वाचायची झाली तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. लिहायला सोपी : २^३१ − १ (२ चा ३१ वा घात उणे १). गणिती ऑयलरनं १७७२ साली ती मूळ असल्याचं कळवलं ते कागद-लेखणीच्या जोरावर, तेव्हा हे कागदावर होणारं काम आहे. संगणक नको. त्या दिवशी वीज असेलच याची खात्री कोण देणार?

अडचण अशी. वर्गमूळ ४६३४१ च्या किंचित खाली येतं (४६३४०² = २१४७३९५६००, ४६३४१² = २१४७४८८२८१), म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. त्या पावणेपाच हजारांच्या वर आहेत. चाळीस जणांत वाटल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला १२० येतात, आणि दहा आकडी संख्येचे १२० भागाकार कुठलंही पोर करणार नाही. हे काम कमी कसं करायचं? मुलांना घातांकाचे नियम आणि बाकी एवढंच येतं असं धरून सांगा.

माडबन

घातांक ३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १ मूळ. संपलं की. भागाकार कशाला?

गणूमास्तर

@माडबन, नेमकं हेच मुलं म्हणणार, म्हणून गणित दिनाला वर्गात लावायच्या तक्त्यावर पहिली ओळ याचीच हवी. खरं आहे ते उलटं : घातांक संयुक्त असेल तर संख्या नक्की संयुक्त. ३५ = ५ × ७, म्हणून २^३५ − १ ला ३१ नेही भाग जातो आणि १२७ नेही. पण घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ होत नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. एकतीसपर्यंतच्या अकरा मूळ घातांकांपैकी ११, २३ आणि २९ नापास होतात. २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ हे आठ पास.

कुठल्या घातांकांना अशी संख्या मूळ येते याची जी यादी गणिती मर्सेननं १६४४ साली दिली, तीत ६७ आणि २५७ चुकून आत आले आणि ६१, ८९, १०७ बाहेर राहिले. घातांकाकडे नुसतं बघून ठरवता येत असतं तर असं झालं नसतं.

गणूमास्तर

आता मूळ प्रश्न. भाजकाला 'भ' म्हणू. भ ही मूळ संख्या आहे आणि ती २^३१ − १ ला निःशेष भागते असं समजा. मग भ कसा असेल?

२, ४, ८, १६... यांना ओळीनं भ ने भागत गेलात की बाक्या कधीतरी १ वर येतात आणि तिथून तीच माळ पुन्हा सुरू होते. पहिली १ ज्या घाताला येते त्याला 'फेरा' म्हणा. उदाहरणार्थ ७ साठी बाक्या २, ४, १, २, ४, १, म्हणून फेरा ३. आपल्या भ साठी २^३१ ची बाकी १ आहे, म्हणून ३१ हा फेऱ्याच्या पटीत असणार. ३१ मूळ, म्हणून फेरा १ किंवा ३१. फेरा १ म्हणजे २ ची बाकी १, तसा भाजक नसतो. उरला ३१.

फर्माचा नियम : २^(भ−१) ची बाकीही १ च. म्हणून भ−१ ला ३१ ने भाग जातो. भ विषम असल्यामुळे भ−१ सम. एकत्र केलं की भ = ६२क + १ (क ही कुठलीही पूर्ण संख्या; पुढे 'न' ही तशीच). एवढ्यानंच तीसातले एकोणतीस उमेदवार गळतात.

दुसरी चाळणी. २^३१ ची बाकी १ म्हणजे २^३२ ची बाकी २. आणि २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. म्हणजे असा एक वर्ग आहे ज्याला भ ने भागलं की २ उरतात. हे सगळ्या मूळ संख्यांना जमत नाही. ७ ला जमतं (३² = ९), १७ ला (६² = ३६), २३ ला (५² = २५), ३१ ला (८² = ६४). ३, ५, ११, १३ ला कितीही वर्ग घ्या, २ उरत नाहीत. नियम असा की भ ला ८ ने भागून १ किंवा ७ उरली तरच जमतं. याची सिद्धता नववीला झेपणार नाही. ती ओढूनताणून घालू नका, वरची उदाहरणं मुलांना स्वतः करू द्या आणि नियम सांगून मोकळे व्हा.

दोन्ही अटी जुळवल्या की भाजक या दोनच रांगांत सापडतात :

२४८न + १ : २४९, ४९७, ७४५, ९९३, १२४१ ... ४६१२९
२४८न + ६३ : ६३, ३११, ५५९, ८०७, १०५५ ... ४६१९१

पहिल्या रांगेत १८६, दुसरीत १८७. एकूण ३७३.

दाभोळखाडी

पावणेपाच हजारांवरून ३७३! म्हणजे प्रत्येकी नऊ-दहा. हे जमेल. यातल्या ३, ५ च्या पटी काढल्या तर अजून कमी होतील ना?

रेवसते_रेडी

होतील. मोजून देतो, म्हणजे मुलांची यादी बरोबर आहे की नाही ते पडताळता येईल.

३ च्या पटी १२५ गेल्या की २४८ उरतात (हा आकडा २४८ येणं हा निव्वळ योगायोग, मुलं त्यात काहीतरी शोधत बसतील). मग ५ च्या पटी काढल्या की १९८. मग ७ च्या काढल्या की १६९. तिथं थांबा. पुढे ११, १३, १७ च्या काढत गेलात तर शेवटी ऐंशीच्या आसपास खऱ्या मूळ संख्या उरतात, पण प्रत्येक उमेदवार मूळ आहे की नाही ते ठरवायला जेवढा वेळ जाईल तेवढ्यात त्याची चाचणीच होऊन जाते. ५५९ = १३ × ४३ सारखा एखादा संयुक्त भाजक यादीत राहिला तर नुकसान काही नाही, मुलाला दिलेली एका भाजकाची एक चिठ्ठी फुकट जाते इतकंच.

मालवणी_अंक

माका एक समाजला नाय, मास्तरानू. दुसऱ्या रांगेत पयलोच ६३ आसा. तेचो भाग जाता की नाय ता बघूचा नाय?

रेवसते_रेडी

६३ = ९ × ७, मूळ नव्हेच. ३ च्या पटींबरोबर तो पहिल्यांदाच गेला. रांग मात्र न = ० पासून धरायची, नाहीतर पुढची मोजणी एकानं चुकते. दुसऱ्या रांगेचा पहिला खरा उमेदवार ३११.

सुरंगी

इथपर्यंत सगळं बरोबर, पण दहा आकडी भागाकार करायचेच कशाला? मास्तरांच्या दुसऱ्या चाळणीत उत्तर आधीच पडलंय. भ ने २^३१ − १ ला भाग जातो म्हणजेच ६५५३६ च्या वर्गाला भ ने भागून २ उरतात. मग २१४७४८३६४७ ला हातच लावू नका :

१. ६५५३६ ला भ ने भागा, बाकी लिहा.
२. बाकी भ च्या निम्म्याहून मोठी असेल तर भ वजा करून ऋण करून घ्या. वर्ग करताना चिन्ह जातंच.
३. तिचा वर्ग करा, पुन्हा भ ने भागा.
४. बाकी २ आली तर भाजक सापडला. दुसरं काहीही आलं तर हा भाजक बाद.

भ = ३११ : ६५५३६ ची बाकी २२६, म्हणजे −८५. वर्ग ७२२५. ३११ × २३ = ७१५३, बाकी ७२. बाद.

भ = १३०३ : बाकी ३८६. वर्ग १४८९९६. १३०३ × ११४ = १४८५४२, बाकी ४५४. बाद.

भ = १४८९ : बाकी २०, वर्ग ४००. बाद. (ही चिठ्ठी ज्याला मिळेल तो नशीबवान.)

भ = २५४३ : बाकी १९६१, म्हणजे −५८२. वर्ग ३३८७२४. २५४३ × १३३ = ३३८२१९, बाकी ५०५. बाद.

घाताला अर्धं करत जायचं आणि वर्ग करत परत यायचं ही युक्ती पिंगळाच्या छंदशास्त्र या प्राचीन ग्रंथात २ च्या घातांसाठीच दिली आहे : 'द्विरर्धे, रूपे शून्यम्' (निम्मं केलं तर दोन, एक वजा केला तर शून्य मांडा). ३२ चे अर्धे १६, त्याचे ८, ४, २, १. आपण ६५५३६ पाठ असल्यामुळे १६ पासून सुरू करतोय, बाकी रीत तीच. तक्त्याच्या कोपऱ्यात हे सूत्र शोभेल आणि ते नुसतं शोभेपुरतंही नाही.

दाभोळखाडी

सुंदर. पण मुलाचा गुणाकार चुकला तर? २ आली नाही म्हणजे 'बाद', मग चुकलेल्या चिठ्ठीतून खरा भाजक निसटला तरी कुणाला कळणार नाही.

सुरंगी

हा मुद्दा महत्त्वाचा. चुकून २ येण्याची भीती नाही, ती आली तर सगळे धावून येऊन परत तपासतील. चूक लपते ती 'बाद' मध्ये. म्हणून प्रत्येक भाजक दोघांना द्या आणि दोघांनी वेगवेगळ्या रीतीनं करावा. एकानं वरच्यासारखं, दुसऱ्यानं सरळ लांब भागाकार. दोघांचा मेळ असा घालायचा :

वर्गरीतीची शेवटची बाकी सम असेल तर तिची निम्मी करा, विषम असेल तर आधी भ मिळवा आणि मग निम्मी करा. त्यातून १ वजा केला की सरळ भागाकाराची बाकी मिळाली पाहिजे.

३११ : ७२ चे निम्मे ३६, उणे १ = ३५. सरळ भागाकार : ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५. जुळलं.
२५४३ : ५०५ विषम, म्हणून ५०५ + २५४३ = ३०४८, निम्मे १५२४, उणे १ = १५२३. सरळ भागाकार : २५४३ × ८४४४६८ = २१४७४८२१२४, बाकी १५२३. जुळलं.

भ मिळवायचं विसरलं की २५२.५ सारखं काहीतरी येतं आणि मुलं ते पुढं ढकलून देतात. चिठ्ठीवर ती पायरी छापूनच ठेवा. १६९ दुणे ३३८ चिठ्ठ्या, प्रत्येकी आठ-नऊ.

खारवी७

कॅल्क्युलेटर देणार असाल तर आठ आकडी खिशातला चालणार नाही. २१४७४८३६४७ त्यात मावतच नाही, आणि बाकी २३ हजारांच्या आसपास असली तर वर्ग नऊ आकडी होतो. तेही कॅल्क्युलेटर 'ई' दाखवून थांबेल तर बरं, काही स्वस्तातले शेवटचे आकडे गिळतात. आंब्याच्या हंगामात पेढीवर हिशेबाला असतो तो बारा आकडी लागेल.

बाकी काढताना मुलांची ठरलेली चूक : भागाकार २३.२३१५ आला की दशांशाच्या पुढचं २३१५ बाकी म्हणून लिहितात. पूर्ण भाग २३, तो × ३११, तो वजा, मग उरेल ती बाकी. दशांश भाग × ३११ केलं तरी येते, पण शेवटी जवळची पूर्ण संख्या घ्यावी लागते आणि मोठ्या भाजकाला फसगत होते.

माडबन

आधीच्या प्रतिसादाबद्दल माफी. पायथन या संगणक-भाषेत करून पाहिलं. २ चा (२१४७४८३६४६) वा घात, २१४७४८३६४७ ने भागून बाकी १ येते. फर्माच्या चाचणीप्रमाणे मूळ. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर.

गणूमास्तर

@माडबन, इथं आधार (जिचा घात घेतो ती संख्या) २ घेणं हीच गोम आहे. तीच चाचणी २०४७ ला लावा. २^११ ची बाकी १, आणि २०४६ = ११ × १८६, म्हणून २^२०४६ ची बाकीही १. चाचणी 'पास', संख्या मात्र २३ × ८९. घातांक मूळ असलेली २^प − १ छापाची प्रत्येक संख्या आधार २ च्या चाचणीत पास होते, मूळ असो वा नसो. म्हणजे तुम्ही काहीच तपासलं नाहीत. आधार ३ घ्या, मग चाचणीला काही अर्थ येतो. तरीही ती सिद्धता नव्हे, दाट शक्यता म्हणा.

माडबन

मान्य. आधार ३ नेही १ च येते. मग या जातीच्या संख्येला पक्की चाचणी कुठली?

गणूमास्तर

ल्युका-लेहमर. ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, संख्येनं भागून बाकी ठेवायची. प − २ वेळा केल्यावर ० उरलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. दोन्ही बाजूंनी पक्की.

१२७ (प = ७) : ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाचव्या वर्गाला शून्य. मूळ.
२०४७ (प = ११) : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ वर्ग झाले, शून्य नाही. संयुक्त.

दुसऱ्या उदाहरणात एक गंमत बघा : २३ आणि ८९ कुठेही दिसले नाहीत. ही चाचणी संयुक्त म्हणून सांगते पण अवयव हातात देत नाही. ल्युकानं १८७६ साली २^६७ − १ संयुक्त असल्याचं असंच दाखवलं, अवयव मात्र कोलनं १९०३ साली मांडले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. त्याच १८७६ साली ल्युकानं २^१२७ − १ ही ३९ आकडी संख्या मूळ ठरवली.

सुरंगी

२^३१ − १ साठी या चाचणीला २९ वर्ग लागतात. दहा आकडी वर्ग, पण भागाकार एकही नाही! २^३१ ची बाकी १, म्हणून गुणाकाराचे २१४७४८३६४८ चे गठ्ठे किती आणि सुटे किती ते बघायचं आणि गठ्ठ्यांची संख्या सुट्यांत मिळवायची. द्विमान पद्धतीत लिहिलं तर शेवटचे ३१ अंक तोडून उरलेल्यात मिळवायचे, बस.

एक पाऊल करून दाखवते. पहिल्या ओळी ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथपर्यंत भागायची वेळच येत नाही. १४१६३१७९५४ निम्म्याहून मोठी, म्हणून तिची पूरक २१४७४८३६४७ − १४१६३१७९५४ = ७३११६५६९३ घ्या. वर्ग ५३४६०३२७०६२०१७०२४९. त्यात गठ्ठे २४८९४४०४७, सुटे ४२०७२६७९३. बेरीज ६६९६७०८४०, उणे २ = ६६९६७०८३८. ही पुढची ओळ.

बेरीज २१४७४८३६४७ च्या वर गेली तर पुन्हा एकदा दुमडायची. नेमकी तेवढीच आली तर ती शून्य समजायची. हे विसरून शेवटच्या ओळीला 'शून्य आलं नाही' म्हणून रडणारे कमी नाहीत.

आणि शेवटच्या आधीची ओळ काय असणार ते आत्ताच सांगता येतं. तिचा वर्ग उणे २ शून्य व्हायचा, म्हणजे वर्गाची बाकी २. मग ती ६५५३६ तरी असणार नाहीतर २१४७४८३६४७ − ६५५३६ = २१४७४१८१११ तरी. तोच ६५५३६ पुन्हा. १२७ च्या उदाहरणात बघा : शून्याआधी १११, म्हणजे −१६, आणि १६ = २^४.

रेवसते_रेडी

चाळीस मुलांना मात्र चिठ्ठ्याच बऱ्या. ल्युका-लेहमर साखळी आहे, तिसऱ्या ओळीत एक अंक चुकला की पुढच्या सव्वीस ओळी पाण्यात, आणि वाटून करता येत नाही. एखादी हौशी चौघांची टोळी असेल तर बाजूला बसवा.

दुसरं. सगळ्या चिठ्ठ्यांवर 'बाद' येणार हे आधीच माहीत असल्यावर मुलं अर्ध्यातून बेपर्वा होतात. म्हणून आदल्या दिवशी २^२९ − १ = ५३६८७०९११ वर सराव घ्या. तिथं रांगा २३२न + १ आणि २३२न + १७५, सुरुवात ३२७६८ पासून, आणि बाकी २ चीच वाट बघायची. पहिल्या रांगेचा पहिलाच उमेदवार २३३ : ३२७६८ ची बाकी १४८, म्हणजे −८५, वर्ग ७२२५, २३३ × ३१ = ७२२३, बाकी २. सापडला! पुढे दुसऱ्या रांगेत ११०३ आणि पहिल्या रांगेत २०८९. गुणून बघा, २३३ × ११०३ × २०८९ बरोबर ५३६८७०९११. भाजक सापडतो तेव्हा काय दिसतं हे एकदा पाहिलं की दुसऱ्या दिवशीच्या 'बाद' ला वजन येतं.

खारवी७

२३३ आणि ३११, दोन्हींत वर्ग ७२२५ च! मुलं एकमेकांची उत्तरं ढापली म्हणून भांडतील.

दाभोळखाडी

तक्त्यासाठी आता या संख्येचे बाकीचे गुणधर्म हवेत. '२०३८ साली संगणक बंद पडणार' हे मुलं ऐकून असतात. ते हिच्यामुळेच ना?

खारवी७

हिच्यामुळे, पण ती मूळ आहे म्हणून नव्हे. ३२ द्विमान अंकांत एक चिन्हाला दिला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच, एकतीस एक ओळीनं. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जुन्या पद्धतीनं त्या जागेत मोजणारी यंत्रणा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी शेवटच्या आकड्यावर येते. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून ऋण होतो आणि तारीख डिसेंबर १९०१ दाखवते. मूळ असण्याचा इथं काडीचा संबंध नाही, तेव्हा तक्त्यावर दोन्ही गोष्टी एका चौकटीत कोंबू नका.

मूळ असण्याचा खरा उपयोग यादृच्छिक संख्यांसाठी. एखादी संख्या घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, तिच्यावर पुन्हा तेच. १ ते २१४७४८३६४६ यांतली प्रत्येक संख्या नेमकी एकदा येते आणि मगच माळ परत सुरू होते. १९८८ साली पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जाची रीत म्हणून हीच सुचवली. बी (सुरुवातीची संख्या) म्हणून ० घालू नका, शून्यावरून ती हलतच नाही.

१६८०७ च का? तो ७^५ आहे. मास्तरांचा 'फेरा' इथं आणा : ७ चा फेरा पूर्ण, २१४७४८३६४६ लांबीचा. आणि २१४७४८३६४६ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१, यात ५ नाही, म्हणून पाचवा घात घेतला तरी फेरा तुटत नाही. याउलट २ ने गुणत गेलात तर फेरा फक्त ३१. पूर्ण फेऱ्याचे गुणक ५३४६००००० आहेत, म्हणजे जवळजवळ चारातला एक.

लिहून बघणाऱ्यांसाठी : बी १ घेऊन दहा हजार वेळा फिरवलं की १०४३६१८०६५ आलं पाहिजे. नाही आलं तर बहुधा गुणाकार ३२ अंकी जागेतून सांडतोय. ६४ अंकी जागा वापरा. ती नसेल तर २१४७४८३६४७ = १६८०७ × १२७७७३ + २८३६ ही फोड : संख्येला १२७७७३ ने भागा, बाकी × १६८०७ मधून भागाकार × २८३६ वजा करा, उत्तर ऋण आलं तर २१४७४८३६४७ मिळवा. मधली कुठलीच पायरी ३१ अंकांबाहेर जात नाही. जावास्क्रिप्टमध्ये १६८०७ चा गुणाकार २^५३ च्या आत राहतो म्हणून निभावतं. दोन पूर्ण मोठ्या संख्यांचा केलात तर शेवटचे अंक गुपचूप बदलतात आणि चूक म्हणून काही दिसतही नाही.

गणूमास्तर

तक्त्यासाठी आणखी दोन. २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या, स्वतः सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज तितकीच. दुसरं, ५ वरून २^५ − १ = ३१, ३१ वरून आपली संख्या. मुलं विचारणारच, हिलाच घातांक केलं तर? तिथं साखळी तुटते. २^२१४७४८३६४७ − १ ला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. हा भाजकही पहिल्या चाळणीच्याच साच्यातला : २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १.

माडबन

आज सर्वांत मोठी माहीत असलेली मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली, ४,१०,२४,३२० अंकी. तीही याच कुळातली. पानाला ५००० अंक छापले तर आठ हजार दोनशेच्या वर पानं. ती तपासताना आधी आधार ३ ची चाचणी, मग ल्युका-लेहमर. (या वेळी आधार नीट बघून लिहिलाय.)

मालवणी_अंक

कोकणातलो म्हणून गणिती कापरेकरांचा नाव कोपऱ्यात तरी लिवा. १९०५ साली डहाणूक जन्मले. तेंच्या डेम्लो संख्यांत १११...१ चे वर्ग येतत : १२१, १२३२१. तशा नुसत्या एकांच्या संख्येत ११ मूळ, मग एकदम १९ एक, मग २३ एक. मधल्या सगळ्यो संयुक्त.

दाभोळखाडी

घेतलं. चिठ्ठीचा नमुना असा ठरवतोय, शेवटच्या उमेदवारावर भरून पाहिला :

भाजक : ४६१२९ (२४८ × १८६ + १)
६५५३६ ची बाकी : १९४०७
वर्ग : ३७६६३१६४९
भ ने भागून बाकी : ३४४९३
विषम? होय, + ४६१२९ = ८०६२२
निम्मे : ४०३११, उणे १ : ४०३१०
जोडीदाराची बाकी : ४६१२९ × ४६५५३ = २१४७४४३३३७, बाकी ४०३१०
शेरा : बाद

सुरंगी

जुळतंय. फक्त 'विषम?' ही ओळ लाल शाईत छापा.